धाकट्याचं मशीन

३ ऑगस्ट

धाकट्या,

फोन उचलत नाहीस. नको उचलू. पण पाकीट हातात आलं की फोडल्याशिवाय तुला राहवत नाही हे मला माहीत आहे. लहानपणी शेजाऱ्यांची पण फोडायचास. पत्ता तुझ्या त्या पीएचडीच्या मुलीकडून घेतला, चष्मेवालीकडून. द्यायला तयार नव्हती. म्हटलं, सख्ख्या बहिणीला भावाचा पत्ता द्यायला वरून परवानगी आणतेस काय? मग दिला.

तिथं टेस्टिंग स्टेशनच्या गेस्ट हाउसात खोली बरी आहे ना? स्वेटर विसरून गेलास. पाठवत नाही. थंडी वाजली तर परत येशील.

मी सातवी शिकलेली बाई. तुझ्या कामातलं मला जेवढं कळलं ते सांगते, चुकलं तर चुकलं. नोकरीला लागलास तेव्हा तुला तळघरातली लॅब दिली होती. तिथं तू शोध लावलास की जमिनीखालची विजेची केबल जळायच्या आधी आतून बारीक सिग्नल देते आणि तो पकडता येतो. त्यावर पेपर छापून आला. त्याच्या जोरावर लेक्चररचा रीडर झालास, रीडरचा प्रोफेसर. पद्धतीला तुझं नाव लागलं, पुस्तकात आलं. परदेशी भाषणं द्यायला गेलास, प्रत्येक वेळी कोट मी इस्त्री केला. मग मशीन निघालं, वीज कंपनीनं विकत घेतलं. माझ्या लाँड्रीत येणारं गिऱ्हाईक कपडे टाकायच्या आधी तुझी चौकशी करायचं.

आणि आता रिटायर व्हायला वर्ष उरलेलं असताना तू म्हणतोस, तो सिग्नल केबलचा नव्हताच. शेजारच्या खोलीतल्या पंख्यांच्या रेग्युलेटरचा होता. अर्थिंगची वायर दोन ठिकाणी जोडली गेली, त्यातून तो तुझ्या यंत्रात शिरत होता. एकाच जागी जोडायची असते, हे तूच पोरांना पहिल्या वर्षाला शिकवतोस. लॅब नव्या इमारतीत नेली आणि सिग्नल गायब झाला, तेव्हा तुला कळलं. बरं, कळलं तर कळलं. गप्प बसायचं! तू परस्पर मासिकाला आणि वीज कंपनीला लिहून मोकळा झालास की माझा पेपर मागे घ्या, मशीन बंद करा.

त्या दिवशी जेवताना म्हणालास, "ताई, मशीनचं मापच त्या पंख्याच्या सिग्नलवर बेतलंय. ते खराब केबलला पण चांगलं म्हणेल." मी म्हटलं, "इतकी वर्षं कुणी मेलं का? मग तुला कुणी विचारलं होतं?" ताटावरून उठलास. त्याला दोन महिने होतील.

मी काय चूक बोलले ते मला अजून कळलेलं नाही.

तुझ्या विभागाचा हेड दुकानात आला होता. दोन कोट टाकले. तुझाच विद्यार्थी ना तो? गोड बोलतो. बाकी काही बोलणं झालं नाही.

ताई


१९ ऑगस्ट

धाकट्या,

उत्तर नाही. ठीक आहे.

चष्मेवाली तिचे पांढरे कोट न्यायला आली होती. एरवी काउंटरवर कोपर टेकून तुझ्या नकला करते. तू फळ्यावर लिहिता लिहिता खडू मोडतोस आणि त्या खडूवरच चिडतोस, ते अगदी हुबेहूब करते. काल माझ्या तोंडाकडे बघेना. पावती धर म्हटलं तर धरली, आणि निघाली.

मी हाक मारली, "काय गं, जीभ घरी ठेवून आलीस?"

म्हणाली, "सरांच्या लॅबला कुलूप लावलंय, मावशी."

"कुणी?"

"विभागानं. सर आजारपणाच्या रजेवर आहेत असं लिहिलंय."

"तो कुठे आजारी आहे? तो तिकडे काम करतोय."

"तेच ना. आता मासिकाला विभाग कळवणार आहे की सरांची तब्येत ठीक नाही, त्यांनी जे लिहून पाठवलं ते मनावर घेऊ नका. वीज कंपनीला पण तसंच सांगितलंय. पेपर जागेवर राहणार, मशीन चालू राहणार."

मी म्हटलं, "मग बरंच झालं की. त्याचं नाव तरी राहील."

तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं. मला ते बघणं आवडलं नाही. माझ्या नातीच्या वयाची पोरगी.

म्हणाली, "सरांच्या डोक्यावर परिणाम झालाय असं त्यांच्या घरच्यांनीच सांगितलंय म्हणे."

घरचे म्हणजे कोण? तुझी बायको गेली. तुझी मुलगी समुद्रापार. मी तिला म्हटलं, लोकांच्या तोंडाला काय, वाटेल ते बोलतात. आणि एका कोटाचं बटण तुटलंय, ते उद्या लावून देते.

बटण तुटलेलं नव्हतं. आत जाऊन बसायला काहीतरी कारण हवं होतं.

बाकी सगळं ठीक. तब्येत सांभाळ.

ताई


२ सप्टेंबर

धाकट्या,

आज जे लिहिते ते बसून वाच. मध्येच फाडू नकोस. फाडायचं तर पूर्ण वाचून फाड.

काल आमच्या गल्लीत वीज कंपनीची माणसं आली. रस्ता खणला, कमरेच्या वर खोल. खाली दोन केबली शेजारीशेजारी. एक जळालेली, तिला जोड द्यायचा होता. दुसरी चालू, सगळ्या गल्लीची वीज तिच्यातून. दुकानाच्या दारातच खड्डा, म्हणून मी बघत उभी. मुकादमानं गाडीतून एक राखाडी पेटी काढली, चालू केबलीभोवती चिमटा लावला. हिरवा दिवा लागला.

"चांगली आहे," तो म्हणाला. "बंद करायची गरज नाही. उतरा रे खाली."

दोघं उतरले. एक बिडी विझवत, एक शिटी वाजवत.

धाकट्या, मला काय झालं सांगता येत नाही. इस्त्री हातात होती, ती तशीच कपड्यावर टाकून बाहेर धावले. (कुणाचा तरी सदरा जळला. भरून देईन.) ओरडले, "वर या! आधी वर या!"

मुकादम म्हणाला, "काय झालं मावशी? साप आहे काय?"

"शेजारची बंद केल्याशिवाय खाली उतरायचं नाही."

"अहो, मशीन चांगलं म्हणतंय. हे बघा, वर नाव आहे. आपल्याच प्रोफेसरसाहेबांचं मशीन."

"माझा भाऊ आहे तो."

"मग काय! घरचंच मशीन. दुकानात जा, ऊन लागेल."

"तोच म्हणतो हे मशीन चुकीचं आहे."

मुकादमानं आजूबाजूला बघितलं आणि आवाज बारीक केला. माणूस वाईट नाही. मला वाईट वाटू नये म्हणून हळू बोलला. "मावशी, साहेबांचं डोकं हल्ली फिरलंय. कॉलेजवाले आमच्या ऑफिसात सांगून गेलेत. त्यांच्या बहिणीनंच जबाब दिलाय म्हणे."

मी म्हटलं, "ती बहीण मीच."

खालचा एकजण हसला. मला पण कदाचित हसू आलं असतं, दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असतं तर.

मग मी खड्ड्याच्या कडेला बसले. पाय आत सोडले. म्हटलं, आता टाका माझ्या अंगावर माती. मुकादम हात जोडायला लागला, मग शिव्या द्यायला लागला, मग कुणाला तरी फोन केला. लोक जमले. समोरचा दूधवाला म्हणाला, "घराणंच सरकलंय." शेवटी वैतागून त्यांनी गल्लीची वीज बंद केली. मग मी उठले. उठताना गुडघा धरला होता, त्या शिटीवाल्यानंच हात दिला.

काही फुटलं नाही. कुणाला काही झालं नाही. केबल चांगली होती की खराब, ते मला कधीच कळणार नाही. गल्ली संध्याकाळपर्यंत विजेविना, आणि सगळे मला नावं ठेवत बसले. पण कडेला बसल्याबसल्या मला एक कळलं. तुझं डोकं फिरलंय असं मी जगाला सांगितलं, आणि दोन माणसं खाली उतरली तेव्हा मी क्षणभरही त्यावर विश्वास ठेवला नाही. मला पहिल्यापासून माहीत होतं तू खरं बोलतोयस.

आता ऐक. हेड नुसते कोट टाकायला आला नव्हता. म्हणाला, "ताई, सरांची काळजी वाटते. जरा ऑफिसात येऊन बोलाल का?" मी धुतलेलं पातळ नेसून गेले. त्याच्या खोलीत आणखी दोन प्रोफेसर. हेडनं स्वतः उठून मला खुर्ची दिली. चहा कपबशीत. तुझ्या त्या कॉलेजात मी आजवर मागच्या दारानं गेले, पडद्यांचे गठ्ठे घेऊन. कुणी खुर्ची दिली नव्हती.

हेड म्हणाला, "सर असं का करतायत? इतकं मोठं नाव. तब्येतीचं काही आहे का? तसं असेल तर आम्हाला त्यांना सांभाळून घेता येईल."

सांभाळून घेता येईल म्हणाला, आणि मी बोलायला लागले. बायको गेल्यापासून त्याचं डोकं ठिकाणावर नाही म्हणाले. गॅस चालू ठेवून जातो म्हणाले. तेच तेच विचारतो, माणसं ओळखत नाही. सगळं खोटं. एकटाच पुटपुटतो हे खरं आहे, पण ते तू शाळेपासून करतोस, आणि ते मी सांगितलं नाही. कोपऱ्यात एक माणूस टाइप करत होता. वाचून दाखवलं, मी मान हलवली.

सगळ्यात वाईट पुढचं आहे. मी आनंदात घरी आले. वाटलं, वाचवला पोराला. दुपारभर गुणगुणत इस्त्री केली.

मला तेव्हा कळलं नाही म्हणू का? कळलं होतं. तू चुकलास हे लोकांना कळण्यापेक्षा तू वेडा झालास हे कळलेलं बरं, असं मला वाटलं. वेड्याची कीव करतात. चुकणाऱ्याला हसतात. लोक हसतील ते मला नको होतं. तुला नाही, मला.

ताई


११ सप्टेंबर

धाकट्या,

हेडकडे गेले होते. या वेळी खुर्ची मिळाली नाही. दारातच म्हणाला, "ताई, जबाब असा मागे घेता येत नाही."

मी म्हटलं, "तुझ्या गुरूनं आख्खा पेपर मागे घेतला, मला चार वाक्यं घेता येत नाहीत?"

"तुम्ही आता भावनेच्या भरात बोलताय."

"भावनेच्या भरात तेव्हा बोलले. आता डोकं ठिकाणावर आहे."

तो घड्याळ बघायला लागला. मी जिन्यावर बसून राहिले. दोन्ही बाजूंनी मुलंमुली जातायेत, एक पोरगी म्हणाली, "आजी, कुणाला शोधताय?" तेवढ्यात चष्मेवाली आली. तिनं मला वर कुठल्या तरी मोठ्या ऑफिसात नेलं. तिथं माझं ऐकून घेतलं, आणि कळलं की बावीस तारखेला चौकशी आहे. बाहेरून एक मॅडम येणार आहेत. तुला पण बोलावलंय. चष्मेवाली म्हणते तू येणार आहेस.

म्हणजे मला तुझ्यासमोर बोलावं लागेल. मागच्या पत्रात लिहिलं ते सगळं, तोंडानं. तू आधी वाचलेलं असावंस म्हणून लिहिलं होतं, ते बरं झालं. तिथं पहिल्यांदा ऐकलं असतंस तर तुझं तोंड मला बघवलं नसतं.

चष्मेवालीशी आता जरा बरं आहे. अजून नकला करत नाही. मी सांगितलं तिला सगळं. ती म्हणाली, "तुमच्या जबाबामुळे माझं काम थांबलंय मावशी, माझी तीन वर्षं त्या कुलपाच्या आत आहेत." मी तिचे कोट फुकट धुते आहे. तिला ते आवडत नाही हे पण दिसतं.

तू येशील तेव्हा घरी उतर असं म्हणायचं होतं. नाही म्हणत. तुला वाटेल तिथं उतर.

ताई


२४ सप्टेंबर

धाकट्या,

तू परवा परस्पर गाडीला गेलास. जिना भराभर उतरलास, माझ्यानं तेवढं उतरवत नाही. म्हणून लिहिते.

तुझं वजन उतरलंय. कॉलर मळलेली होती. एवढंच, बाकी त्याबद्दल बोलत नाही.

मी बोलले तेव्हा तू टेबलाकडे बघत होतास, पेनाचं टोपण काढत घालत. बरं केलंस. मी ठरवून आले होते की सरळ बोलायचं, रडायचं नाही. ते जमलं. त्या मॅडमनी विचारलं, "तेव्हा खोटं का बोललात?" मी म्हटलं, "लोकांना काय सांगू, म्हणून." त्या लिहिता लिहिता थांबल्या. नंतर तेच लिहून घेतलं.

मग हेड. तो किती गोड बोलतो हे मला तेव्हा नीट कळलं. म्हणाला, "सर, ताईंचं वय झालंय. दोन महिन्यांत दोन उलटसुलट जबाब. तुम्हीच सांगा, त्यांच्या लक्षात राहतं का हल्ली? तसं असेल तर दोन्ही वगळू. ताईंनाही त्रास नको."

मला कळत होतं काय चाललंय. तू नुसतं 'हो' म्हणालास की माझा पहिला जबाब गेला, तुझं डोकं ठिकाणावर आलं, तुझं काम झालं. मी पण सुटले. म्हातारी आहे, विसरते, संपलं. मी मनात म्हणत होते, म्हण. म्हणून टाक. माझी काही तक्रार नाही. आणि दुसरीकडे असं कुणी आपल्याबद्दल म्हणायला निघालं की कसं वाटतं ते पहिल्यांदा कळत होतं.

तू टोपण लावलंस. म्हणालास, "माझ्या बहिणीची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. ती तेव्हा खोटं बोलली. आता खरं बोलते आहे. दोन्ही लिहा."

हेड म्हणाला, "सर, 'खोटं' हा शब्द…"

"तोच शब्द आहे," तू म्हणालास.

पुढचं तुला माहीतच आहे, पण तू गेल्यावर मॅडमनी जे सांगितलं ते तुला कुणी कळवलं नसेल तर सांगते. तुझं पत्र मासिकाकडे जसंच्या तसं जाणार. मशीनं सगळीकडून परत मागवायची. तोवर केबल बंद करूनच काम. लॅबचं कुलूप त्याच संध्याकाळी निघालं. रिटायर झाल्यावर तुला जे मानाचं पद देणार होते ते मिळणार नाही. मशीनवरची तुझ्या नावाची पट्टी पण निघणार.

म्हणजे तुला हवं होतं ते झालं. आणि तुला खरं सांगते, पट्टी निघणार हे ऐकल्यावर मला आधी काय आठवलं असेल? खड्ड्यातली माणसं नाही. दूधवाला. आता हा काय म्हणेल, ते. इतकं होऊनसुद्धा. अशीच आहे मी, एका चौकशीत बदलणारी नव्हे.

पण ते 'खोटं बोलली' तू पाच लोकांत म्हणालास, त्याचा राग आला नाही हे तुला कळवायचं होतं. घरी येईस्तोवर तेच कानात होतं. लाज वाटत होती, अजून वाटते. मी तुला वेडा ठरवून तुझी चूक झाकायला निघाले होते. तू मला शहाणी ठरवून माझं खोटं उघडं ठेवलंस. तुझ्या वर्गातल्या मुलांना तू कसं शिकवत असशील ते मला परवा दिसलं. इतकी वर्षं नुसते कोटच बघितले.

आज सकाळी ते बँकेतले साहेब आले, दर आठवड्याला सहा सदरे टाकणारे. गठ्ठा ठेवता ठेवता, "काय हो, प्रोफेसरांचं काय ऐकतोय आम्ही?" गेले महिनाभर हा प्रश्न आला की मी धुण्याच्या मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही असं दाखवते. आज इस्त्री उभी केली आणि म्हटलं, "त्याचं चुकलं होतं. त्यानं स्वतःच शोधलं आणि सांगितलं."

ते पुढचं ऐकायला उभे राहिले. पुढचं काही नव्हतं.

म्हटलं, "कॉलरला खळ कडक घालू की नेहमीसारखी?"

ताई